पुण्यातल्या टेकडीवर घाणेरी (लँटाना) आणि कॉसमॉस माजलंय, ते काढून देशी झाडं लावायचीत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही पुण्यातल्या टेकडीबद्दल विचारलंय म्हणून तेवढंच सांगतो, कोकणातलं किंवा घाटातलं गणित वेगळं असतं. आमचा एक छोटा ग्रुप आहे, रविवारी सकाळी हेच काम करतो. पहिलं म्हणजे झाडं लावायचं सध्या डोक्यातून काढाच. आपल्या टेकड्या म्हणजे मुळात गवताळ माळ, मधेमधे सालई, मोई, मेडशिंगी, गणेर अशी विरळ झाडं. खडकावर जेमतेम वीतभर माती, पावसाळ्यात त्यातून मुसळी, दीपकाडी, जमिनीवर येणाऱ्या आमरी (ऑर्किड), नशीब असेल तर कंदीलपुष्पाची वेल वर येते आणि बाकीचं वर्ष त्यांचे कंद मातीखाली गप्प पडून असतात. आपण मे महिन्यात जातो, इथे तर काहीच नाही म्हणतो आणि खड्डे घेत सुटतो, त्यात नेमके तेच कंद जातात आणि उकरलेल्या मातीत सगळ्यात आधी गाजर गवत आणि कॉसमॉस उगवतं. हिरवं करायच्या नादात टेकड्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावलं, ते मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं झाड, आज त्याच्या दाट सावलीत आपलं गवत टिकत नाही. तेच परत नको.

आता सुरुवात कुठून. सगळे जिथे रान सगळ्यात जास्त माजलंय तिथे तुटून पडतात, फोटो भारी येतो पण पुढच्या पावसात जैसे थे. उलट करा. जिथे कुसळी, पवन्या, मारवेल असं आपलं गवत अजून चांगलं आहे आणि घाणेरीची चारदोनच झुडपं घुसलीयेत तो पट्टा आधी साफ करा आणि तिथून हळूहळू बाहेर सरका. गवत जिवंत असलं की मोकळी झालेली जागा ते स्वतःच धरतं, तुम्हाला काही लावावं लागत नाही.

कॉसमॉस वर्षायू आहे, वर्षभरात उगवून मरतं, म्हणजे सगळा खेळ बियांचा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, फुलं धरायच्या आत, ओल्या मातीतून बुडाशी धरून ओढलं की मुळासकट येतं, माती झटकायची आणि मुळं वर करून दगडावर टाकायचं, नाहीतर चिखलात पडलेलं रोप परत जीव धरतं. सप्टेंबरमध्ये लोक त्या केशरी फुलांत रील्स काढत असतात आणि खाली सोनकी म्हणून लिहितात, सोनकी बिचारी वेगळीच, आपलं देशी पिवळं रानफूल. काहीजण तर सुंदर दिसतं म्हणून मुद्दाम बिया टाकतात, त्यांना काय बोलावं.

घाणेरीला मात्र कोयता लावू नका, वरून छाटली की बुडातून दुप्पट फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी एक पद्धत बसवली, ती कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातही वापरली गेली. बुडाशी जिथून फांद्या फुटतात तिथे एक जाड गाठ असते, तिच्या खाली, जमिनीत साधारण तीन ते पाच सेंटिमीटरवर, कुदळीने मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप तसंच उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. मोठा खड्डा होत नाही आणि झुडूप वाळून जातं. पण सगळी घाणेरी एका दमात काढू नका. बुलबुल, सातभाई तिच्यात बसतात, घरटी करतात, त्यामुळे आधी आत बघायचं आणि तुकड्यातुकड्याने काढायचं. त्याच पक्ष्यांच्या विष्ठेतून बिया पडत राहतात, म्हणून साफ केलेल्या पट्ट्यात दर पावसाळ्यात परत फेरी मारावीच लागते. त्या फेरीत हाताएवढी रोपं बोटांनी निघतात, दोन वर्षं थांबलात तर परत कुदळ.

गाजर गवताला उघडा हात लावू नका. हातमोजे, पूर्ण बाह्या, मास्क, आणि दम्याचा किंवा त्वचेचा त्रास असणाऱ्यांना त्या कामाला घेऊच नका. फुलायच्या आधी, पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरलेली असतात तेव्हाच काढा, कारण एक झाड हजारो बिया टाकतं. पट्टे असलेले छोटे भुंगे त्याची पानं खाताना दिसले तर त्यांना मारू नका, ते मेक्सिकन भुंगे मुद्दाम 1984 मध्ये आपल्याकडे आणून सोडलेत, पावसाळ्यात चांगलं काम करतात, नंतर गायब होतात.

तणनाशक कुणी सुचवेल, टेकडीवर नको, गवतासकट सगळं जातं. आणि काढलेला पाला ढीग करून तिथेच सोडू नका, जानेवारी-फेब्रुवारीत त्यालाच वणवा लागतो.

बाकी जागा वनखात्याची असो की महापालिकेची, परवानगी लेखी घ्या, कारण तोंडी हो म्हणणाऱ्याची बदली होते आणि नवीन माणूस तुम्हाला कुदळीसकट गेटवर अडवतो.