पत्राची वाट न पाहणारा रोमिओ

प्रश्न : ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकाच्या शोकांताला रोमिओचा उतावळा स्वभाव कारणीभूत आहे, असे आम्हाला वर्गात शिकवले. पण ज्युलिएट मेलेली नसून औषधाने मृतवत झोपली आहे, हे रोमिओला कळवणारे धर्मगुरूंचे पत्रच प्लेगच्या संशयामुळे वाटेत अडकले. मग दोष नशिबाचा की रोमिओचा? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : पत्र अडकले हे दुर्दैव खरेच, पण ते येईपर्यंत थांबणे रोमिओच्या हातात होते. पाचव्या अंकाच्या आरंभी रोमिओचा नोकर बाल्थझार ज्युलिएटच्या मृत्यूची बातमी आणतो, तेव्हा ‘धर्मगुरूंचे पत्र आहे का?’ असे रोमिओ त्याला दोनदा विचारतो. म्हणजे पत्र यायला हवे, याचे भान त्याला आहे. मात्र ‘नाही’ म्हटल्यावर ते का आले नाही, याचा क्षणभरही विचार न करता तो घोडे आणायला सांगतो आणि चाळीस डुकाट मोजून विष विकत घेतो. पुढे थडग्यात ज्युलिएटच्या ओठांवर आणि गालांवर अजून लाली आहे, हे त्याला दिसते, तो ते बोलूनही दाखवतो, आणि तरीही विष पितो. थोड्याच वेळात ती जागी होते. हा प्रसंग कितीही वेळा वाचला तरी मन कळवळते.

ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट याच्या वधाबाबत मात्र मी रोमिओला इतका दोष देणार नाही. तिथे तो आधी अपमान गिळतो, लढायला नकार देतो, आणि भांडण सोडवायला मध्ये पडतो तेव्हा टिबॉल्टने त्याच्याच हाताखालून केलेल्या वाराने त्याचा मित्र मर्क्युशिओ मरतो. त्यानंतर त्याचा तोल सुटला, हे समजण्यासारखे आहे.

शिवाय ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ म्हणून एकट्या रोमिओला निकालात काढणे अन्यायाचे होईल. शेक्सपिअरने ज्या १५६२ सालच्या दीर्घकाव्याचा आधार घेतला, त्यात ही कथा कित्येक महिने चालते. नाटकात ती पाचएक दिवसांत संपते, आणि घाई वडीलधाऱ्यांच्याही अंगात भिनलेली दिसते. ‘सावकाश चाल, धावणारे ठेचकाळतात’ असे सकाळी बजावणारे धर्मगुरू त्याच दिवशी लग्न लावून देतात. ज्युलिएटच्या वडिलांनी तर पॅरिस नावाच्या सरदाराशी ठरवलेले तिचे लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणले; त्यामुळे तिला ते झोपेचे औषध एक रात्र आधी घ्यावे लागले आणि रोमिओ हद्दपार होऊन जिथे राहत होता त्या मांटुआला पत्र पोहोचवण्यासाठीचा एक दिवस हातचा गेला.