पन्हाळा ते पावनखिंड दोन दिवसांत चालून होईल का? वाट कशी आहे, तयारी काय करावी?

होईल. पण 'चढ फार आहेत का' अशी काळजी वाटत असेल तर ती सोडा. या वाटेवर राजगड-तोरण्यासारखा दम काढणारा चढ नाही. पन्हाळ्यावरून उतरायचं, मसाई पठारावर चढायचं, मग उतरून एका वाडीतून दुसऱ्या वाडीत, मध्ये टेकडी, ओढा, भाताची खाचरं, पुन्हा टेकडी, असं सगळं आहे. माणसं थकतात ती लांबीमुळे, चिखलामुळे आणि दोन दिवस पाय ओले राहिल्यामुळे. वाटेच्या निवडीनुसार अंतर ४५ ते ५० किलोमीटर भरतं. रोज सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर सहज चालणारा माणूस पाठीवर ओझं घेऊन चिखलात ताशी तीनच किलोमीटर काढतो. म्हणजे दोन्ही दिवशी साडेसात ते साडेआठ तास निव्वळ चालणं. त्यात खाणं, थांबणं, वाट चुकणं धरलेलं नाही.

वाट ढोबळमानाने अशी: पन्हाळगडाच्या राजदिंडीतून (गडावरून उतरणाऱ्या लहान दरवाजातून) खाली तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी. इथे पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी रिंगेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे करत पांढरेपाणी आणि तिथून पावनखिंड. ही नावं कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण विचारण्याची खरी युक्ती त्यातच आहे. वाटेत कुणाला 'पावनखिंडीला कसं जायचं' विचारलंत तर तो चांगल्या मनाने तुम्हाला जवळच्या डांबरी रस्त्यावर नेऊन सोडेल, कारण त्याच्या हिशेबी शहाणा माणूस खिंडीला गाडीनेच जातो. नेहमी पुढच्या वाडीचं नाव घेऊन 'पायवाट कुठून' असं विचारा. अंतर विचारू नका, वेळ विचारा. अर्धा तास म्हणाले तर पाऊण तास धरा, ते ओझ्याशिवाय आणि सवयीच्या पायाने चालतात.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला राजदिंडी सोडली पाहिजे. त्यासाठी आदल्या रात्री पन्हाळ्यावरच राहा. कोल्हापूर जेमतेम वीस किलोमीटरवर आहे, पण पहिली एसटी पकडून यायचं म्हटलं की सुरुवातीचे दोन तास तिथेच जातात आणि ते संध्याकाळी अंधारात फेडावे लागतात.

मसाई पठार हा या वाटेचा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात फसवा टप्पा. जांभ्या दगडाचा मैलोन्‌मैल पसरलेला सडा, झाड जवळपास नाही. पावसाळ्यात धुकं उतरलं की वीस पावलांपुढचं दिसत नाही. गुरांच्या वाटा सगळीकडे फुटलेल्या असतात आणि प्रत्येक वाट खरीच वाटते. काही वाटा थेट पठाराच्या कड्यापाशी जाऊन संपतात. इथे खूण एकच धरायची, मसाई देवीचं देऊळ. राजदिंडीपासून देवळापर्यंत साडेतीन-चार तास धरा. देऊळ गाठल्याशिवाय पुढे उतरायची घाई करू नका, आणि तिथून कुंभारवाडीकडे उतरणारी वाट सापडेपर्यंत गट फुटू देऊ नका. धुकं दाट असेल तर देवळात तास-दीड तास बसून राहणं हा वेळेचा अपव्यय नाही. मोबाइलमध्ये वाटेचा जीपीएस ट्रॅक आणि ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून घ्या. फोन विमान मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतो, आणि रेंज शोधण्यात बॅटरी संपत नाही. दगडांवर मोहिमेवाल्यांनी (या वाटेने गटाने चालत जाणाऱ्यांनी) रंगवलेले बाण दिसतील. त्यांचा आधार घ्या, पण सगळा भरवसा त्यांच्यावर टाकू नका, कारण गवत वाढलं की ते दिसेनासे होतात.

पठारावर छत्री नेऊ नका. पहिल्याच झोतात उलटी होते आणि मग दोन दिवस काठी म्हणून वागवावी लागते. काठी मात्र हवीच, खांद्याच्या थोडी खाली येईल एवढी. शेवाळलेल्या जांभ्यावर, ओढ्यात आणि धनगरवाड्यावरच्या कुत्र्यांसमोर (मारायला नव्हे, नुसती हातात असली तरी पुरते) ती तीनदा उपयोगी पडते.

पठार उतरल्यावर लाल, चिकट चिखल सुरू होतो. बुटाचा तळवा खोल खाचांचा आणि रबर मऊ हवं. गुळगुळीत झालेले रोजचे स्पोर्ट्स शूज इथे माणसाला आडवं करतात. नवे कोरे बूटही नकोत, निदान तीस-चाळीस किलोमीटर चालून पायात बसलेले असावेत. 'वॉटरप्रूफ' बुटांवर जादा पैसे घालवू नका. ओढा घोट्याच्या वर असतो, पाणी वरून आत शिरतं आणि मग तोच बूट पाणी बाहेर जाऊ देत नाही. जाळीचा, निथळणारा बूट बरा. मोज्यांचे तीन जोड घ्या. दोन चालायला, आणि तिसरा फक्त रात्री झोपताना घालायचा. सकाळी कितीही मोह झाला तरी ओला जोडच पुन्हा चढवायचा, नाहीतर दहा मिनिटांत तिन्ही ओले. निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत, टाचेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन चोळा. दुसऱ्या दिवशी मोहीम सोडणाऱ्यांतले बहुतेक जण गुडघ्यामुळे नाही, सोललेल्या मांड्या आणि फोडांमुळे सोडतात. नखंही दोन दिवस आधी कापा. उतारावर पुढे ढकलली गेलेली वाढलेली नखं काळी पडतात.

सॅकवरचं पावसाळी कव्हर पुरेसं नसतं. पाठीकडून पाणी झिरपतंच. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून बांधा. एकूण ओझं सहा-सात किलोच्या वर जाऊ देऊ नका.

वाट जुलैमध्ये भातलावणीच्या खाचरांतून जाते. बांधावरूनच चाला, एकामागे एक. चिखलणी केलेल्या वाफ्यात पाऊल घालणं म्हणजे कुणाची तरी दिवसभराची मेहनत तुडवणं. बांध फुटला तर साठवलेलं पाणी वाहून जातं आणि लावणी अडते. वाटेतल्या लोकांची चालणाऱ्यांवरची नाराजी यातून येते, आणि ती रास्त आहे.

ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर थांबा. डोंगरातला ओढा पाऊस ओसरला की तास-दोन तासांत उतरतो. उतरायचंच असेल तर सॅकचे कमरेचे आणि छातीचे बंद सोडा, तोंड प्रवाहाकडे ठेवा, काठी पुढे रोवून एका वेळी एकच पाय हलवा. दोरी कमरेला बांधून ओढा पार करायचा नाही. माणूस घसरला की दोरीच त्याला पाण्याखाली धरून ठेवते.

जळवा लागतात. ओढून काढू नका. नख तिच्या तोंडापाशी सरकवून पकड सुटेल तशी सोडवा. मिठाची पुरचुंडी सगळे नेतात, पण जळू अंगावर असताना मीठ टाकलं की ती ओकते आणि ती घाण जखमेत जाते. मीठ बुटावर आणि मोज्यावर वापरा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेने ते गोठत नाही. धुऊन दाबून धरा, पुरे. पहाटे किंवा संध्याकाळी गवा दिसला तर फोटोसाठी जवळ जाऊ नका, त्याला वाट द्या.

जेवणाचं आणि मुक्कामाचं आधी ठरवा. वाड्यांवर हॉटेल नाही असंच धरून चला. आंबेवाडी-करपेवाडीकडे घरगुती जेवणाची सोय फोनवर दोन-तीन दिवस आधी सांगून होते. ऐनवेळी आठ माणसं दारात उभी राहिली तर भाकरीचं पीठ कुठून आणायचं? शाळेत झोपायचं असेल तर सरपंच आणि शिक्षक दोघांची परवानगी घ्या, आणि सकाळी शाळा भरण्याआधी झाडून निघा. पाण्याची दोन लिटरची सोय जवळ हवी. पाऊस असला तरी खाचरांतून येणारं पाणी पिऊ नये. वाडीतल्या घरातून भरून घ्या आणि क्लोरीनची गोळी टाका.

कधी जावं? १२ जुलैच्या आसपास मोठ्या मोहिमा निघतात. १६६० साली आषाढ पौर्णिमेच्या त्या रात्री महाराज याच मुलखातून विशाळगडाकडे निघाले होते. भर पावसात, रात्री, पालखी खांद्यावर घेऊन बांदल मावळ्यांनी ही वाट कशी तुडवली असेल हे समजून घ्यायचं असेल तर जुलैच हवा, आणि पहिल्यांदा जाताना अनुभवी मोहिमेबरोबरच जा. पण वाट आणि वाड्या नीट पाहायच्या असतील तर माझं मत सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. पठारावर सुरुवातीला सोनकी आणि सीतेची आसवं फुललेली असतात, ओढे घोट्याएवढे, धुकं विरळ. फक्त दिवस लहान होतो. नोव्हेंबरात सहाला अंधारतं, जुलैत सातपर्यंत उजेड मिळतो. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका, उघड्या सड्यावर सावलीच नाही.

पांढरेपाणी मलकापूर-विशाळगड रस्त्यावर आहे. पावनखिंडीत उतरायला आता कठडे-पायऱ्या आहेत, तरी पावसाळ्यात खालच्या दगडांवर जपून. पुढे विशाळगडापर्यंत चालायचं असेल तर तिसरा दिवस राखून ठेवा, दुसऱ्या दिवशी तो टप्पा रेटू नका. परतीला मलकापूरकडे एसटी मोजक्याच आहेत. शेवटच्या गाडीची वेळ कोल्हापूर किंवा मलकापूर स्थानकात निघण्याआधीच विचारून ठेवा, किंवा मलकापूरहून जीप ठरवा. मलकापूर कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गावर आहे, तिथून रात्री उशिराही गाडी मिळते.