थायरॉइडची गोळी नव्याने सुरू झालीय ना? मग हे सांभाळा

ताई, साठीनंतर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, रक्तात मोजलं जाणारं संप्रेरक) थोडा वाढलेला दिसला म्हणून घाबरू नका. वयानुसार तो जरा वर सरकतोच. वयस्कर माणसाला डॉक्टर बहुधा कमी डोसपासून सुरुवात करतात, त्यामुळे शेजारणीची गोळी १०० मायक्रोग्रॅमची आणि तुमची २५ची, ही तुलना करूच नका.

खरी गोम सकाळच्या चहात आहे. गोळी उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा-नाश्त्याला निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. या वयात बहुतेकींना कॅल्शियम नाहीतर लोहाची गोळी चालू असते. ती थायरॉइडच्या गोळीनंतर ४ तासांनी घ्या, एरवी थायरॉइडच्या गोळीतलं औषध, म्हणजे थायरॉक्सिन, आतड्यात नीट शोषलंच जात नाही. मी कॅल्शियमची स्ट्रिप जेवणाच्या टेबलावरच ठेवते, म्हणजे सकाळी हात तिकडे जात नाही.

कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा. पण आयोडीनयुक्त मीठ सोडून नुसत्या सैंधवावर जाऊ नका. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना जरूर सांगा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करायचा. मध्येच छातीत धडधड वाटली तर मात्र तेवढंही थांबू नका, लगेच दाखवा.