क्युबोसोम दुसऱ्या दिवशी फाटतात, पोलॉक्झामर 407 दुप्पट करू का?

दुप्पट करायची घाई करू नका. मोनोओलिन या लिपिडच्या (स्निग्ध पदार्थाच्या) क्युबोसोमवर, म्हणजे आत घनाकार जाळी असलेल्या, पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर, दुसऱ्या दिवशी पांढरे गोळे तरंगतात असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच मी जळगावात एम. फार्म.च्या प्रोजेक्टला दोन महिने भोगलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझी चूक पोलॉक्झामर या कण सुटे ठेवणाऱ्या पॉलिमरच्या प्रमाणात नव्हती, तो विरघळवण्यात होती. मे महिना, बाहेर 44 अंश, लॅबला एसी नाही, आणि मी पोलॉक्झामर लवकर विरघळावं म्हणून गरम पाण्यात टाकायचे. हा पॉलिमर उलट्या स्वभावाचा आहे: पाणी जितकं थंड तितका चांगला विरघळतो. गरम पाण्यात त्याच्या चिकट गुठळ्या तळाशी बसायच्या, आणि मी वजन करून घेतलेलं सगळं कामी आलं असं धरून पुढे जायचे. नंतर आदल्या रात्री फ्रीजमधल्या पाण्यात भिजत ठेवायला लागले आणि निम्मा त्रास तिथेच संपला.

आता तो करतो काय? 407 या नावातच उत्तर आहे. पहिले दोन आकडे गुणिले 100, म्हणजे मधल्या पॉलिप्रोपिलीन ऑक्साइडचा रेणुभार सुमारे 4000. शेवटचा आकडा गुणिले 10, म्हणजे वजनाने 70 टक्के पॉलिइथिलीन ऑक्साइड. मधला तुकडा पाण्याला टाळतो, लिपिडच्या पृष्ठभागाला धरून बसतो. दोन्ही टोकं पाण्यात पसरतात. आपल्याकडे केळीच्या बागेभोवती वारा अडवायला शेवरी लावतात ना, तसं: मूळ बांधात, शेंडा मोकळा. दोन कण जवळ आले की या पाणी धरलेल्या टोकांची दाटी होते आणि कण मागे सरतात.

इथे आधार विद्युतभाराचा नसून या दाटीचा आहे. म्हणून झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचं माप) स्थिरतेसाठी धरतात तितकं, म्हणजे ±30 मिलिव्होल्ट, आलं नाही तरी घाबरू नका. गाइड आग्रह धरत असतील तर त्यांना हे कारण शांतपणे समजावून सांगा.

प्रमाण म्हणाल तर लिपिडच्या वजनाच्या 10 टक्क्यांपासून सुरुवात करा. 100 मिलिग्रॅम मोनोओलिनला 10 मिलिग्रॅम. फार वाढवलंत तर पॉलिमर बांधावर थांबत नाही, बागेत शिरतो. मोनोओलिनमध्ये तो आतल्या घनाकार रचनेत घुसून डायमंड प्रकाराचा प्रिमिटिव्ह प्रकार करतो (ही घनाकार जाळीच्या दोन मांडण्यांची नावं), आणखी वाढला तर साध्या व्हेसिकल, म्हणजे लिपिडच्या पोकळ पिशव्या, वाढतात. बाटली मात्र छान दुधाळ, एकसारखी दिसते! नुसता डीएलएसचा (प्रकाशाच्या विखुरण्यावरून मोजलेला) कणांचा आकार बघून खूश होऊ नका, कुठूनही सॅक्सची, म्हणजे आतली रचना दाखवणाऱ्या क्ष-किरण चाचणीची, सोय करा. डायमंडची शिखरं √2:√3:√4 या अंतरांवर येतात, प्रिमिटिव्हची √2:√4:√6 वर. फायटॅनट्रायॉल या दुसऱ्या लिपिडमध्ये 407 बहुतेक पृष्ठभागावरच राहतो, त्यामुळे तिथे डायमंड टिकतो.

407 ने भागलंच नाही तर पोलॉक्झामर 338 वापरून बघा. त्याची पाण्यातली टोकं जास्त लांब असतात आणि मला तो मोनोओलिनलाही जास्त भरवशाचा वाटला.

कृती अशी ठेवा: मोनोओलिन 40-45 अंशांना वितळवा, पॉलिमरचं तयार द्रावण घाला, मग प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण बारीक करणारी दांडी) थांबून थांबून चालवा. सलग चालवलंत तर नमुना तापतो आणि फेसही होतो. तयार बाटली उन्हाळा आहे म्हणून फ्रीजमध्ये टाकू नका, थंडीत मोनोओलिनचे स्फटिक होऊ शकतात. 25 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा.

5, 10 आणि 15 टक्के असे तीन नमुने एकाच दिवशी, एकाच लिपिडच्या बाटलीतून करा. तरीही गोळे आले तर सोनिकेशन किती मिनिटं केलं आणि पॉलिमर कसा विरघळवला हे इथे लिहा, मी बघते.