क्रूडच्या (कच्च्या तेलाच्या) भावाचे अंदाज वाचायला सुरुवात करताय?

सगळ्या बँकांच्या अंदाजांचे आकडे जवळपास सारखे असले की डोळे झाकून खरे धरायचे का, असं तुम्ही विचारलंय. नको. नवखे पहिल्यांदा इथेच फसतात. दहा अंदाज म्हणजे दहा स्वतंत्र मतं नव्हेत. प्रत्येक विश्लेषकाला बाकीच्यांचे आकडे दिसत असतात. सगळ्यांबरोबर चुकलं तर कोणी जाब विचारत नाही, एकट्याने चुकलं तर नोकरीवर बेततं.

सध्या एवढंच करा:

१. प्रत्येक अंदाजाशेजारी त्या दिवसाचा भाव लिहा. बरेच अंदाज भावामागे फरफटत जातात. जानेवारी २०१६ मध्ये ब्रेंट (ज्याचा भाव जगभर आधार धरतात ते कच्चं तेल) पिंपामागे ३० डॉलरच्या आसपास घसरलं, तेव्हा मॉर्गन स्टॅन्लेने २० डॉलरची शक्यता बोलून दाखवली, स्टँडर्ड चार्टर्डने तर १० ची. वर्षअखेरीस भाव ५० च्या वर होता!

२. नुसती सरासरी पाहू नका, सगळ्यात वरचा आणि खालचा आकडाही पाहा. दोन्ही जवळ आले म्हणजे खात्री वाढली, असं नाही.

आणि हो, वेगळा आकडा देणारा प्रत्येक जण धाडसी नसतो. नाव व्हावं म्हणून मुद्दाम कळपाबाहेर उभे राहणारेही असतात; तेलाच्या अंदाजांवरच्या काही अभ्यासांत हाच कल दिसलाय. हा कल ओळखायच्या चाचण्या वगैरे नंतर बघू. सोनं-तांबंही आत्ता नको. फक्त ब्रेंट घ्या, एक्सेलमध्ये चार रकाने आखा: तारीख, त्या दिवसाचा भाव, अंदाज, अंदाजाची मुदत आल्यावरचा प्रत्यक्ष भाव. दोन-तीन तिमाही भरा, मग इथे टाका, बघतो.