स्टिरॉइडची गोळी, वारी आणि विमान

संधिवातासाठी दीर्घकाळ प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेणाऱ्यांची या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतल्या चार प्रश्नांना संधिवाततज्ज्ञ आणि औषधनिर्माते यांनी मिळून ही उत्तरे दिली आहेत.

आईला (६३) चार महिने रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू होते. चेहरा सुजला म्हणून तिने गोळी एकदम बंद केली आणि शेजारणीने आणून दिलेली सांधेदुखीची पुडी सुरू केली. आठवडाभर छान वाटले. पुडी संपल्यापासून तिला उठवत नाही, मळमळते, उभी राहिली की चक्कर येते. आजार वाढला का? (एक वाचक, मिरज)

अंक हाती पडेपर्यंत तुम्ही थांबू नये म्हणून हे उत्तर आधीच कळवले आहे: आजच्या आज रुग्णालयात न्या. हा नुसता संधिवात नाही.

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर अॅड्रिनल ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड, बनवतात आणि पहाटे सर्वांत जास्त बनवतात. रक्तदाब, साखर, आजाराशी झुंजायची ताकद हे सारे त्यावर चालते. बाहेरून तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ स्टिरॉइड मिळत राहिले की ग्रंथी आपले काम थांबवतात आणि पुन्हा सुरू व्हायला त्यांना कित्येक महिने लागू शकतात. त्याआधीच गोळी बंद झाली तर शरीरात ना बाहेरचे स्टिरॉइड उरते ना घरचे. गळून जाणे, मळमळ, पोटदुखी, उभे राहिल्यावर रक्तदाब पडणे ही त्याचीच लक्षणे. वेळेत उपचार झाले नाहीत तर हे जिवावर बेतते.

पुडीने आलेला आराम संशयास्पद आहे. दोन दिवसांत दुखणे पळाले, भूक खवळली, चेहरा गोल झाला, आणि वेष्टनावर घटकांची नावे नाहीत, अशा पुड्यांत डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड मिसळलेले आढळते. म्हणजे आईचे स्टिरॉइड बहुधा दोनदा तुटले. पुडीचा उरलेला कागद सोबत न्या आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका.

चेहऱ्याची सूज डोस उतरला की ओसरते. पण उतरणे पायरीपायरीने हवे: १० वरून ७.५, मग ५, आणि ५ च्या खाली तर महिन्याला एखादाच मिलिग्रॅम. दर पायरीला दोन-चार दिवस अंग दुखणे नेहमीचे. ते आठवडाभर टिकले किंवा चक्कर आली तर आधीच्या पायरीवर परत जावे लागते, म्हणून डॉक्टरांना फोन करा.

वय ५८. रोज ७.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि आठवड्यातून एकदा संधिवाताचेच मेथोट्रेक्सेट, १५ मिलिग्रॅम. आळंदीच्या पालखीबरोबर यंदा पायी जायची फार इच्छा आहे. जमेल का? (एक वारकरी, जुन्नर)

सगळी वाट नाही, पण काही टप्पे नक्की जमतील. कोणते, ते भक्तीवर नका सोपवू. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा वारीतला सर्वांत लांब, तो वाहनाने करा.

तयारी दोन महिने आधी सुरू करा. सात दिवस रोज न दुखता किती मिनिटे चालता येते ते लिहा. त्यातला सर्वांत वाईट दिवस हा तुमचा पाया. तिथून दर आठवड्याला दहा टक्के वाढवा. आणि विश्रांती घड्याळाने घ्या, दुखण्याने नाही. दुखू लागल्यावर बसणारा माणूस एक दिवस खूप चालतो आणि पुढचे तीन दिवस झोपून काढतो. चाळीस मिनिटे चालणे, दहा मिनिटे बसणे, पाय ताजे वाटत असले तरीही.

गोळी सकाळी आठच्या सुमारास काही तरी खाऊन घ्या. दुपारनंतर घेतली तर झोप उडते. एकादशीला उपाशीपोटी घेऊ नका. दूध-केळे किंवा वरीचे तांदूळ उपवासालाही चालतात. निर्जळी उपवास मात्र तुमच्यासाठी नाही.

दुखणे वाढले तर पॅरासिटामोल ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामोल असते, ते मोजणीत धरा. वाटेवरच्या दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची वेदनाशामक गोळी घेऊ नका. स्टिरॉइडच्या जोडीला ती आली की जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका पुष्कळ वाढतो. काळी, डांबरासारखी शौचास झाली तर लगेच डॉक्टर गाठा.

मेथोट्रेक्सेटचा वार ठरवून चिठ्ठीवर तो वार लिहा. ती आणि तिच्या जोडीला दिले जाणारे फॉलिक अॅसिड या दोन्ही पिवळसर, लहान गोळ्या. अंधारात चुकून मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर तोंड सोलवटते आणि रक्तपेशी घसरतात. म्हणून ती वेगळ्या डबीत.

आता सर्वांत महत्त्वाचे, ताप आणि जुलाब-उलट्या. ताप आला, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर, तर निरोगी शरीर आपोआप जास्त कॉर्टिसॉल सोडते. तुमचे सोडणार नाही. सर्वसाधारण नियम असा की अशा दिवसांत प्रेडनिसोलोन सकाळी ५ आणि संध्याकाळी ५ मिलिग्रॅम घ्यावे आणि बरे वाटल्यावर नेहमीच्या डोसवर यावे. निघण्याआधी हे तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. स्टिरॉइड ताप दाबते, त्यामुळे थर्मामीटर कमी दाखवत असला आणि तुम्ही मात्र फार गळालेले असलात तर शरीरावर विश्वास ठेवा.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा एक घ्या. तीही पडली तर वाट बघू नका. हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन लागते. त्याची एक कुपी आणि विरघळवायचे निर्जंतुक पाणी सोबत असू द्या. पालखी मार्गावरच्या आरोग्य पथकाला किंवा १०८ च्या रुग्णवाहिकेला ते दाखवता येईल. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती पेल्यात कालवली तर मीठ जास्त होऊन उलट्या वाढतात. जुलाबावर को-ट्रायमॉक्झाझोल म्हणजे सल्फाची गोळी कोणी दिली तर घेऊ नका. मेथोट्रेक्सेटबरोबर ती अस्थिमज्जेवर घाव घालते. आजारपण असेपर्यंत त्या आठवड्याचे मेथोट्रेक्सेटही थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

खिशात एक कार्ड ठेवा, दिंडीतल्या दोघांनाही ते माहीत असू द्या. मजकूर एवढाच: “मी रोज प्रेडनिसोलोन ७.५ मिग्रॅ घेतो. ते अचानक बंद करू नये. सतत उलट्या, बेशुद्धी किंवा मोठी दुखापत झाल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून किंवा स्नायूत द्यावे.” पायाला फोड आला तर रोज संध्याकाळी पाय धुऊन, कोरडे करून बघा. स्टिरॉइडवर जखम हळू भरते आणि पू फारसा न दुखता वाढू शकतो.

उपाशीपोटीची साखर ९२ येते, पण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी वाढली आहे. प्रयोगशाळेची चूक असेल का? (एक वाचक, मडगाव)

चूक नसावी. सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन दुपारी आणि संध्याकाळी साखर चढवते. रात्रीतून ती उतरते, म्हणून सकाळची तपासणी निर्दोष दिसते. आठवडाभर ग्लुकोमीटरवर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजून वही डॉक्टरांना दाखवा. वर्षातून एकदा डोळ्यांचा दाब आणि मोतीबिंदूही तपासून घ्या.

मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने जायचे आहे. ५ मिलिग्रॅम रोज चालू आहे, गुडघ्यांच्या नसांसाठी प्रीगाबालिनही. विमानात गोळी कधी घ्यायची? (एक वाचक, ठाणे)

उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते. समजा, विमान मुंबईहून रात्री दीडला निघाले आणि सोळा तासांनी तिथे सकाळी आठला उतरले. भारतातले सकाळचे आठ वाजतील तेव्हा विमानात नेहमीची गोळी घ्या. यापुढची गोळी तिथल्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी घेतली तर मधे सुमारे साडेतेहेतीस तास जातात. ते अंतर लांब आहे, म्हणून उतरलेल्या दिवशी नाश्त्यानंतर जादा अर्धी गोळी घ्यावी का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. एका दिवसाच्या जादा अडीच मिलिग्रॅमने नुकसान होत नाही. न घेतल्याने होऊ शकते. परतताना दिवस आखूड होतो, तेव्हा भारतात उतरल्यावर इथल्या सकाळची गोळी घ्या, एवढेच.

सगळे औषध हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटांतच ठेवा. मोठ्या बॅगेत फार तर आठवड्याचा जादा साठा. चिठ्ठी इंग्रजीत हवी आणि तीवर औषधाचे मूळ नाव हवे, कारण आपली व्यापारी नावे तिथल्या केमिस्टला ओळखीची नसतात. तिकडे प्रेडनिसोन जास्त दिले जाते, त्याचे ५ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅमच. डेफ्लाझाकोर्ट या दुसऱ्या स्टिरॉइडचे ६ मिलिग्रॅम त्याच्या बरोबरीचे, ही अदलाबदल स्वतः करू नका. स्वतःच्या वापरासाठी साधारण ९० दिवसांचे औषध सोबत नेता येते. उरलेल्या तीन महिन्यांची सोय मुलाला आधीच पाहायला सांगा.

दुबईत विमान बदलून शहरात थांबणार असाल तर प्रीगाबालिन आणि ट्रॅमाडॉल, कोडीन ही वेदनाशामके यांसाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. प्रेडनिसोलोन त्या यादीत नाही. विमानतळावर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागा आणि मधल्या वाटेकडेची जागा घ्या, म्हणजे कोणाला न उठवता तासाला एकदा चार पावले चालता येईल.