आईचं आयुष्य लिहून ठेवायचंय, पण ती म्हणते माझ्यात काय सांगण्यासारखं. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आई ऐंशीच्या पुढे आहे, जन्म शेतात गेला, जन्मतारीख कुठं नोंदलेली नाही, आणि विचारायला बसलं की ती विषय टाळते. माझी मायसुद्धा असंच करायची. "काय सांगायचं बाबा, राबलाव आन् खाल्लाव." ती जाऊन तीन वर्षं झाली. त्याआधीच्या दोन हिवाळ्यांत जमेल तेवढं मी तिच्याकडून काढून घेतलं, त्यावरून सांगतो.

तारखेचा नाद सोडा. आधार कार्डावर मायची जन्मतारीख १ जानेवारी होती. आमच्या गल्लीतले निम्मे म्हातारे त्याच दिवशी जन्मलेत. खरं वय मला सापडलं ते रझाकाराच्या गोष्टीत. आमचा भाग औसा तालुक्यातला, म्हणजे तेव्हाची निजामाची हद्द. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद माणसं. गावात रझाकार येणार अशी आवई उठली की बायका-पोरं ज्वारीत लपायची. "ताटं डोस्क्याच्या वर गेलती आन् धाकटा भाऊ माझ्या काखंत," असं ती सांगायची. ताटं एवढी वाढलेली म्हणजे भादव्याच्या आसपासचे दिवस, साल १९४८. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झालं, म्हणजे भारताचं सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, त्याच्या थोडं आधीचं. आणि भावाला काखेत घेऊन पळणारी पोरगी सात-आठ वर्षांची तरी असणारच. झाला हिशेब.

पुढंही तिची सालं अशीच लागली. महाराष्ट्र झाला तेव्हा थोरली बहीण रांगत होती. बहात्तरच्या दुष्काळात मी पोटाला. गंमत म्हणजे हैदराबाद, मग १९५६ला मुंबई, मग १९६०ला महाराष्ट्र अशी तीन राज्यं तिनं पाहिली, १९८२ला उस्मानाबाद जाऊन जिल्हाही लातूर झाला, आणि लग्न होऊन आल्यापासून तिचा उंबरा तोच.

बहात्तरबद्दल विचारलं तर ती उपासमारीचं फारसं बोलायची नाही. लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, भाकरी कशी तुटायची, दुष्काळात वाटलेली सुकडी पोरांना कशी गोड लागायची, एवढंच. दुष्काळी कामावर खडी फोडायला मात्र ती सातव्या महिन्यापर्यंत गेली. ती हातोडी आमच्या घरात अजून आहे. आम्ही ती गुरांच्या मेखा ठोकायला वापरत होतो, आणि ती कुठून आली हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मी चुकलो ते वेगळ्याच जागी. सुरुवातीला मी दुःखंच विचारत राहिलो. दुष्काळ, भूकंप, माझ्या वडिलांचं, अण्णांचं आजारपण. ती हो-नाही करून गप्प बसायची. एकदा सहज विचारलं, "बी कोण राखायचं गं?" आणि दीड तास ती थांबली नाही.

उभ्या पिकातून ज्वारीची कणसं निवडायची ती मायनंच. टपोरं कणीस दिसलं म्हणून घ्यायचं नाही, ताट बुडाशी हलवून बघायचं, लोळणारं असेल तर सोडायचं. निवडलेली कणसं आढ्याला टांगायची, मग बी राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून गाडग्यात. धुऱ्याकडेला करडई, कारण काट्याला गुरं बुजतात. पेरणीला अण्णा बैल हाकायचे आणि चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ मायची. किती सोडायचं ते तिच्या बोटांत होतं. बी दाट पडलं तर अण्णा तिच्यावर ओरडायचे, असं मी म्हणालो तर तिला राग आला. "त्येंला काय कळायलं? पुढं बघून चालायचं त्येंचं काम."

मग सोयाबीन आलं. बी पिशवीतून यायला लागलं, आणि ते दुकानातून आणणार गडीमाणसं. सोयाबीनला कडबा नाही, म्हणून पुढं बैल गेले, आणि पेरणी ट्रॅक्टरवर गेली. पैसा बरा झाला हे खरं, माझं शिक्षण त्याच पैशात झालं, तेव्हा मी सोयाबीनला नावं ठेवणार नाही. पण पेरणीच्या दिवशी मायला विचारायचं कुणालाच काही उरलं नाही. ती बांधावर चहाची किटली घेऊन यायची. हे तिनं मला सांगितलं तेव्हा आवाजात तक्रार नव्हती. मीच तो भाग पुन्हा पुन्हा ऐकतो.

सातबाऱ्याचंही विचारा. बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२पासून आहे. आमच्या घरात हे कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. मायचं नाव लागलं ते अण्णा गेल्यावर, वारस म्हणून. फेरफार हातात घेऊन तिनं अंगठा कुठं उमटलाय तेवढं बघितलं आणि घडी घालून डब्यात ठेवला.

भूकंपाचं थोडक्यात. १९९३ची ती गणपती विसर्जनाची रात्र. आमच्याकडं माणूस दगावलं नाही, पण त्यानंतर माय दगडी भिंतीच्या घरात कधी निजली नाही. थंडीतसुद्धा पत्र्याखाली. तुमच्या आईच्या अशा सवयी असतील तर त्यांच्या मागं जा, सरळ प्रश्नापेक्षा जास्त हाती लागतं.

तिला आनंदाचं विचारायला विसरू नका. मायचा वर्षाचा दिवस म्हणजे येळवस, आमच्याकडची वेळा अमावास्या. आदल्या रात्री ती जवळजवळ झोपायची नाही. भज्जी, उंडे, अंबिल, खीर, आणि सकाळी सगळं डोक्यावर घेऊन रानात. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडायचे. त्या दिवशी तिनं वाढलेलं खाऊन माणसं झाडाखाली आडवी झाली की ती एकटीच हरभऱ्यातून फिरून यायची. कशाला, ते मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.

आणि शेवटी एक, मोबाईल समोर धरून बसू नका. बाजूला पालथा ठेवा, रेकॉर्डिंग लावा, आणि तिच्या हाताला काम द्या. माय तुरीच्या शेंगा सोलताना सगळ्यात जास्त बोलली. टेपमध्ये दाणे परातीत पडल्याचा आवाज आहे, मधेच "आरं, किडका टाकलास बग" असं मला दिलेलं बोलणंही आहे. ओल्या शेंगा संक्रांतीनंतर फार दिवस मिळत नाहीत, तेव्हा जाताना दोन किलो घेऊन जा. नाहीच मिळाल्या तर लसूण न्या.